मुलीचा काही त्रास नाही

मुलीचा काही त्रास नाही, असं सगळेच म्हणत होते, आणि म्हणताना सूर असा लावत होते, की नवीन आणलेल्या फ्रीजबद्दल चाललंय असं वाटावं. आवाज करत नाही, जागा फार अडवत नाही, दिलेलं थंडपणे सांभाळते. शेजारच्या काकू तर एक दिवसाआड खात्री करून घ्यायला यायच्या. दारातूनच विचारायच्या, "कशी आहे हो तुमची ती?" आणि 'तुमची ती' आतून पळत यायची, काकूंना मिठी मारायची, त्यांच्या मांडीवर बसायची आणि छान हसायची. काकू धन्य होऊन घरी जायच्या.

मुलगी सहा वर्षांची. संस्थेतून दत्तक घेतली, त्याला आता काही महिने झाले होते. कागदांवर तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं 'ठकी' करून टाकलं. "लाकडाची ठकी असते ना, जिथं ठेवाल तिथं बसते, तशी आहे गं पोर," असं त्या कौतुकानं म्हणाल्या. नावं ठेवण्यात सासूबाईंचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं, त्यामुळे तेच चिकटलं.

आता आईबाप. दोघंही एकाच मोठ्या हॉटेलात नोकरीला. ती हाउसकीपिंगची मुख्य, म्हणजे खोल्या, चादरी, टॉवेल, बाथरूम सगळं तिच्या राज्यात. तो रिसेप्शनचा मॅनेजर. हॉटेलात तिला सगळे मॅडम म्हणत आणि त्याला साहेब. आपणही तेच म्हणू, उगाच वेगळा सूर कशाला लावा.

घरात मूल येणार म्हटल्यावर माणसं आपापल्या कुवतीप्रमाणे वेडी होतात. या दोघांनी त्यांना जे सगळ्यात चांगलं जमत होतं तेच केलं. मॅडमनी ठकीची खोली अशी लावली, की तपासणीला कुणी आलं असतं तर बोट फिरवून हात हलवत परत गेलं असतं. चादरीचे कोपरे इतके घट्ट खोचलेले, की आत पाय घालायला ठकीला दोन्ही हातांनी जोर करावा लागे. उशीवर रोज एक चॉकलेट. टॉवेलची घडी घालून केलेला हंस. सकाळी साहेब दारावर हलकेच टकटक करत आणि विचारत, "झोप नीट लागली ना?"

"हो. थँक्यू."

"आणखी काही हवंय?"

"नको. थँक्यू."

साहेब मग मॅडमकडे अशा नजरेनं बघत, जणू एखादा महाखवचट पाहुणा खूश होऊन गेलाय. ठकी उठल्यावर स्वतःचं अंथरूण स्वतः आवरायची, तेही कोपरे खोचून. तिच्यासाठी नवीन कपाट आणलं होतं, तरी कपडे ती सोबत आणलेल्या पिशवीतच ठेवायची, घड्या घालून. कपाट तसंच रिकामं, नव्या लाकडाचा वास मारत उभं. "किती नीटनेटकी आहे!" असं मॅडम स्वतःच चारचौघांत सांगायच्या. वीस वर्षं लोकांच्या खोल्या बघणाऱ्या बाईला, ज्या पाहुण्याचे कपडे बॅगेतून बाहेर येत नाहीत तो लवकर जाणार असतो, हे एरवी बंद दारावरूनही कळायचं. पण स्वतःच्या घरात माणसाची अक्कल सुट्टीवर जाते.

बाकी ठकीला कुणीच परकं नव्हतं. काकूंच्या मांडीवर बसायची, तसंच दूधवाल्याच्या गळ्यात पडायची. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाचा हात धरून ती त्याच्याबरोबर तीन जिने उतरून पार फाटकापर्यंत गेली, आणि मीटरवाल्याचाच जीव घाबरा झाला. त्यानंच तिला परत आणून सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "किती माणसाळलेली आहे!" बागेत घसरगुंडीवरून पडून गुडघा फुटला, तेव्हा ठकी उठली आणि सगळ्यात जवळच्या बाकावर बसलेल्या अनोळखी बाईकडे जाऊन गुडघा दाखवून हसली. मॅडम शेजारच्याच बाकावर बसल्या होत्या. रडणं नाही, ओरडणं नाही. इतकी गुणी मुलगी.

काहीतरी चुकतंय, असं मॅडमना पहिल्यांदा वाटलं ते नणंदबाईंच्या घरी.

जेवणं झाली होती, निघायची वेळ झाली होती. नणंदबाई अशा वेळी जो विनोद करतात तोच त्यांनी केला. ठकीचा गाल ओढून म्हणाल्या, "काय गं, राहतेस का आमच्याकडेच? कायमची?"

"हो," ठकी म्हणाली. मग तिनं दाराशी काढलेले बूट उचलून आत आणले, कोपऱ्यात नीट लावले, आणि सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसली.

सगळे पोट धरून हसले. नणंदबाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "बघ हं, आमचा लळा लागला तिला!" मॅडमना हसू येईना. त्यांनी नुसतं "चल" म्हटलं, तशी ठकी तितक्याच सहजपणे उठली, बूट घातले, आत्याला थँक्यू म्हणाली आणि निघाली. तिच्या डोळ्यांत या घरातून त्या घरात जाताना काही म्हणता काही बदललं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मुलीला आपण आवडत नाही, असं असतं तर परवडलं असतं. नावडतीला निदान जागा तरी असते. इथं मुलीला आपण चालत होतो, नणंदबाई चालत होत्या, मीटरवालाही चालत होता. उद्या कुणी हात पुढे केला, तर ही पोर थँक्यू म्हणून त्याच्याबरोबर निघून जाईल, आणि मागं वळूनही बघणार नाही. ही माझी कधी होणारच नाही का, एवढाच एक प्रश्न त्या दिवसापासून मॅडमच्या उरावर बसला, तो उठेना.

उत्तर मिळालं ते हॉटेलात, आणि तेही त्यांच्याच तोंडून. नवीन भरती झालेल्या पोरींना त्या नेहमीचे धडे देत होत्या. "पाहुणा कोण आहे ते बघायचं नाही. हसू सगळ्यांना सारखंच. तो चिडला तरी हसायचं, तुमचं डोकं दुखत असलं तरी हसायचं. त्याच्यात जीव गुंतवायचा नाही, तो जाणार असतो. आणि स्वतःसाठी त्याच्याकडे काही मागायचं नाही." समोरची एक पोर लगेच हसून दाखवू लागली. मॅडम त्या हसण्याकडे बघतच राहिल्या. हे हसू त्या रोज घरी बघत होत्या.

संस्थेत पाळ्या होत्या. सकाळच्या ताई वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, एक लग्न होऊन गेली, दुसरी बदलून गेली. सहा वर्षांत पोर एवढंच शिकली होती, की माणसं येतात आणि जातात, आपण हसायचं. आणि अशा पोरीला घरी आणून या दोघांनी काय केलं, तर उशीवर चॉकलेट ठेवलं. घरात दोन्ही बाजूंनी उत्तम सेवा चालू होती. आईबाप आणि मूल तेवढं कुणीच नव्हतं.

संस्थेची एक कार्यकर्ती अधूनमधून घरी यायची. तिलाही सगळे ताईच म्हणत. मॅडमनी तिला सगळं सांगितलं. साहेबांनी मध्येच, "तक्रार अशी काही नाही हं," असं घातलं. ताई हसली.

"तक्रार नाही, हीच तक्रार आहे ना? तुमच्यावर कधी चिडली का ती?"

"छे! कधीच नाही."

"कशाला नाही म्हणाली? हट्ट केला? काही मोडलं, फोडलं?"

"एकदाही नाही," साहेब अभिमानानं म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्यावरच पोरं चिडतात हो," ताई म्हणाली. "सध्या एक करा. भरवणं, जवळ घेणं, लागलं तर फुंकर घालणं, हे तुम्ही दोघांनीच करायचं. बाकीच्यांनी लांबून हसावं, बोलावं, मांडीवर नको. आपली माणसं कोण, हे आधी तिला कळू दे. आजी, आत्या मग येतीलच. तिला नाही म्हणायला शिका. आणि अमुक वेळेला येते म्हटलं, की यायचं. रोज तेच, कंटाळा येईपर्यंत तेच."

हे नातेवाइकांना सांगायचं काम मॅडमवर आलं, आणि घरात जो भडका उडाला त्याला तोड नव्हती. "म्हणजे आम्ही परके?" असं म्हणून सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आम्ही काय तिला पळवून नेणार आहोत?" असं नणंदबाई म्हणाल्या. त्यांच्याबरोबर पळून जायला मुलगी एका पायावर तयार होती, हे मॅडमनी मोठ्या मनानं बोलून दाखवलं नाही. शेजारच्या काकूंनी तर, "आजकाल माया करायलाही परवानगी लागते," हे वाक्य जिन्यात इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं म्हटलं, की वरच्या मजल्यावरचे लोक येऊन मॅडमना समजूतदारपणे चार शब्द सांगून गेले.

साहेबांची अडचण निराळीच होती. त्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं. सगळी नोकरी या एका शब्दाला वळसा घालण्यात गेलेली. ठकीनं आइस्क्रीमकडे नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी घसा खाकरला, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "सध्या आइस्क्रीम उपलब्ध होऊ शकत नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत."

"अरे, नाही म्हण की सरळ!" मॅडम आतून ओरडल्या.

"मग दुसरं काय म्हटलं मी?"

टॉवेलचे हंस गेले, उशीवरचं चॉकलेट गेलं. साहेबांची टकटकही गेली. आता ते सकाळी सरळ आत शिरून पांघरूण ओढत. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या आत मॅडम घरी येत, ठकीला पुढ्यात घेऊन बसत आणि तिचे केस विंचरत. ठकी बसायची. हलायची नाही, गुंता ओढला गेला तरी हूं की चूं नाही. "दुखलं का?" "नाही. थँक्यू." रोज तेच. आठवडे गेले, तेच. मॅडमना कधी कधी वाटायचं, आपण खरंच लाकडाचे केस विंचरतोय. एकदा फणी तशीच धरून त्या न्हाणीत गेल्या, नळ सोडला आणि ढसाढसा रडून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा ठकी जिथं बसवली होती तिथंच बसली होती. मॅडमचे लाल डोळे बघून ती छान हसली. त्या हसण्यानं मॅडमचं काळीज जेवढं फाटलं, तेवढं कशानं फाटलं नव्हतं.

मग सासूबाईंचा वाढदिवस आला. सासूबाईंना वाढदिवसाचं काही नव्हतं, असं त्या महिनाभर आधीपासून सगळ्यांना आठवणीनं सांगत होत्या. त्यामुळे झाडून सगळे जमले. सकाळी निघताना मॅडम ठकीला म्हणाल्या, "दिवे लागायच्या आत येते हं."

आणि नेमक्या त्याच दिवशी हॉटेलात वरच्या मजल्यावरच्या एका पाहुण्यानं टब भरायला लावला आणि झोपून गेला. पाणी खोलीतून बाहेर, तिथून गालिच्यावर, तिथून खालच्या खोलीच्या छतातून थेट कुणाच्या तरी सामानावर. मॅडम पोरींना घेऊन पाणी उपसत होत्या, खालच्या पाहुण्याची बोलणी खात होत्या, आणि खिडकीबाहेर एकेक दिवा लागत होता. त्यांनी घरी फोन केला. साहेबांनी ठकीला निरोप दिला, तोही त्यांच्या पद्धतीनं. "आईला यायला थोडा विलंब होतोय. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

दाराशी चपलांजवळ एक बुटकं स्टूल होतं, त्यावर ठकी जाऊन बसली. केक कापला, तिनं घेतला नाही. नणंदबाईंनी नियम मोडून मांडीवर यायला हाक मारली, ती उठली नाही. "पोट भरलं असेल," नणंदबाई म्हणाल्या, "काही हट्ट म्हणून नाही बघा पोरीला." कुणीतरी केकची बशी तिच्या मांडीवर ठेवून दिली. ती तशीच धरून ठकी दाराकडे बघत बसली. सगळ्यांनी तिच्या शांतपणाचं पुन्हा एकदा कौतुक केलं.

मॅडम आल्या तेव्हा बाहेर गुडूप अंधार झाला होता. सलवार पोटरीपर्यंत भिजलेली, केस विस्कटलेले. दारात पाऊल टाकलं आणि समोर ठकी दिसताच सवयीनं तोंडून निघून गेलं, "उशिराबद्दल क्षमस्व."

बशी सरळ भिंतीवर गेली. केक भिंतीवरून ओघळला. ठकी स्टुलावरून उडी मारून आली आणि दोन्ही मुठींनी मॅडमच्या पोटावर, मांडीवर, जिथं हात पोचेल तिथं मारायला लागली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या घरात कुणी ऐकला नव्हता. "येते म्हणाली होतीस! दिवे लागले! सगळे लागले! खोटारडी!" मॅडम हात धरायला गेल्या, तर ठकीनं तो हात पकडून मनगटाच्या वर कचकन चावा घेतला.

"अगं बाई!" सासूबाई खुर्चीतून उठल्या.

"बघा, एवढे लाड केले, त्याचं हे फळ," नणंदबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात पसरून पुढे झाल्या. "ये गं राणी, ये माझ्याकडे. आई वाईट आहे." ठकीनं त्यांच्याकडे न बघता मागच्या मागं एक लाथ झाडली. ती बरोबर त्यांच्या नडगीवर बसली. आणि हे सगळं करताना एका हातानं तिनं मॅडमची ओढणी अशी आवळून धरली होती, की मॅडमना मागं सरकायचं असतं तरी सरकता आलं नसतं.

"चावायचं नाही!" मॅडम ओरडल्या. घर हादरलं. इतक्या महिन्यांत त्या घरात ठकीवर कुणी आवाज चढवला नव्हता. "मारायचंही नाही, आणि बशी फेकायची नाही! ऐकू येतंय का? उशीर झाला, चुकलं माझं. पण चावायचं नाही!"

ठकीचे ओठ थरथरले. एक क्षण वाटलं, आता ते छान हसू येणार. पण हसू आलं नाही. ठकीनं मोठ्ठा भोंगा पसरला आणि जी नुकतीच तिच्यावर ओरडली होती, तिच्याच कुशीत घुसली. मॅडम चपलांच्या ढिगातच फतकल मारून बसल्या. ठकी त्यांच्या खांद्यावर नाक पुसत होती, हुंदके देत होती, आणि मधूनच आठवण झाल्यासारखी पाठीत एखादी बुक्की घालत होती.

साहेब कागदी रुमालांचं खोकं घेऊन धावत आले. "काही मदत..." म्हणाले, आणि बायकोचा चेहरा बघून तिथेच खाली बसले. मॅडमनी त्यांच्यापुढे हात धरला. दातांचे ठसे चांगले उमटले होते.

"चावली रे मला," मॅडम म्हणाल्या. पोरगी शाळेत पहिली आली, हे सांगताना बायकांचा आवाज असा होतो. आनंदानं त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"हसतेस काय?" नणंदबाई नडगी चोळत म्हणाल्या. "हे काय वळण आहे? घरात कुणी असं वागतं?"

"मग कुठं वागायचं हो?" मॅडम म्हणाल्या. "बाहेर कोण वागू देतं?"

सासूबाई पुढे आल्या, चष्मा सावरून वाकल्या आणि सुनेच्या हातावरचे ठसे नीट बघितले. मग आपल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाही असाच चावायचा. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. लोकांसमोर म्हणजे अगदी देवमाणूस." साहेब लाल झाले आणि रुमालाच्या खोक्यात बघू लागले. सासूबाई आत जाऊन ओलं फडकं घेऊन आल्या आणि भिंतीवरचा केक पुसायला लागल्या.

ठकीचे हुंदके हळूहळू उतरले. मॅडमनी ओल्या चपला काढायला जरा पाय हलवला, तशी ती दचकली आणि ओढणी आणखी आवळली.

"कुठं चाललीस?"

"कुठं नाही. चपला काढतेय."

ठकीनं चपला निघेपर्यंत त्यांच्याकडे डोळे रोखून बघितलं. मग सुजलेल्या नाकानं, चांगल्या दटावणीच्या सुरात म्हणाली, "उद्या उशीर करायचा नाही."

त्या घरात आल्यापासून ठकी उद्याबद्दल कधी काही बोलली नव्हती.

"प्रयत्न करीन," त्या म्हणाल्या.

"प्रयत्न नाही. करायचाच नाही."

"बरं."

"आणि केस हळू विंचरायचे. रोज दुखतात."